उपासनेतलं गाणं कुणाचं?

रविवारची सकाळ. पुण्यातली, अहिल्यानगरमधली किंवा मुंबईतली एखादी मराठी मंडळी. पुढच्या बाकांवर ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून बसलेली वडीलधारी माणसं, आणि एका बाजूला गिटार, कीबोर्ड, ड्रम जुळवणारी तरुण संघातली मुलं. पहिलं गीत पेटी-तबल्यावर होतं. पुढचे बाक पुस्तकात न बघता गातात, मागचे बाक नुसते ओठ हलवतात. दुसरं गीत पडद्यावर येतं. आता मागची मुलं डोळे मिटून, हात उंचावून गातात आणि पुढे सारं शांत होतं. उपासनेनंतर चहा घेताना दोन्हीकडची तक्रार ऐकू येते. एक म्हणतात, हा गोंगाट झाला, भक्ती कुठे आहे? दुसरे म्हणतात, त्या संथ गाण्यांत जीवच नाही.

कोडं असं आहे की, या दोन गटांत श्रद्धेच्या एकाही मुद्द्यावर मतभेद नसतो. पवित्र शास्त्र एक, विश्वासांगीकार एक, आणि अनेकदा घरही एकच. आजोबा पुढच्या बाकावर असतात, नात ड्रमजवळ असते. मग वाद गाण्यावरूनच का होतो? आणि तो जगभरच्या चर्चमध्ये, शतकानुशतकं का होत आला?

आजचं जुनं एकदा नवं होतं

आपल्याला चर्च म्हटलं की ऑर्गन आठवतो. पण बोस्टनमधले थॉमस ब्रॅटल 1713 साली वारले तेव्हा त्यांनी आपला ऑर्गन ब्रॅटल स्ट्रीट चर्चला ठेवला होता, आणि चर्चनं तो नाकारला. तिथल्या प्युरिटन मंडळींच्या मते उपासनेत वाद्य ही माणसानं केलेली भर होती. शेवटी तो ऑर्गन अँग्लिकनांच्या किंग्ज चॅपलमध्ये गेला. त्याआधी, 1527 साली, झुरिकच्या मुख्य चर्चमधला ऑर्गन काढून टाकला गेला होता. तिथले धर्मसुधारक झ्विंगली स्वतः अनेक वाद्यं वाजवणारे उत्तम संगीतकार होते. संगीताची ताकद माहीत असल्यामुळेच त्यांना त्याची धास्ती होती. पूर्वेकडच्या ऑर्थडॉक्स चर्चमध्ये तर आजही बहुतेक ठिकाणी केवळ मानवी आवाज चालतो.

ब्रॅटल यांच्याच काळातला मला सर्वांत बोलका वाटणारा वाद मात्र वाद्यांचा नव्हे, नुसत्या गाण्याचा आहे. सतराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या अनेकांना वाचता येत नसे, पुस्तकंही महाग होती. म्हणून एक जण स्तोत्राची ओळ म्हणे आणि मंडळी ती गात असे. आपल्याकडे भजनात बुवा ओळ देतात आणि टाळकरी ती उचलतात, त्याच्या जवळपास जाणारी ही पद्धत. ही रीत समुद्रापलीकडे न्यू इंग्लंडमध्येही गेली. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, चाली फारच संथ झाल्या, आणि जो तो आपल्या मनाप्रमाणे सुरांत वळणं घालू लागला. 1720च्या दशकात तिथल्या काही पाळकांनी म्हटलं, की आता लोकांनी स्वरलिपी शिकावी आणि लिहिल्याबरहुकूम गावं. त्यावर मोठं वादळ उठलं.

थॉमस सिम्स या पाळकांनी विरोधकांचे आक्षेप लिहून ठेवले आहेत. ही रीत नवी आहे. जुन्या चालीइतकी ती गोड नाही. चाली इतक्या आहेत की त्या कधी शिकून होणारच नाहीत. हा पैसे काढण्याचा मार्ग आहे. यात वेळ फार जातो. आणि पुढाकार घेणारी सगळी उथळ पोरं आहेत. तीनशे वर्षांपूर्वीची ही यादी आज कुठल्याही मंडळीच्या कमिटीच्या बैठकीत जशीच्या तशी वाचता येईल. फरक एवढाच, की तेव्हा ‘उथळ पोरं’ ज्याचा आग्रह धरत होती, ते स्वरलिपीबरहुकूम गायन आज पारंपरिक म्हणून जपलं जातं.

आपली पेटीही अशीच. हार्मोनियमचं पेटंट 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबां यांनी घेतलं. ती भारतात आली, जमिनीवर बसून हातानं वाजवता येईल अशी घडवली गेली आणि देवळा-चर्चांत रुळली. तरी 1940 साली आकाशवाणीनं तिला परकी ठरवून बंदी घातली आणि ती उठायला सुरुवात व्हायला 1971 साल उजाडलं. आज मराठी मंडळीत गिटारला परकं म्हणणारा माणूस पेटीला आपली म्हणतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. वाद्य आपलं होतं ते सहवासानं.

कान पवित्र कशाला म्हणतो

या सहवासाचं काम कसं चालतं? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 साली दाखवून दिलं, की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, की बाकी काहीही न घडता ती अधिक आवडू लागते. सूर, चेहरे, अक्षरं या सगळ्यांना हे लागू पडतं. त्यात दुसरी गोष्ट मिसळते. माणसाला साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या आठवणी सर्वांत ठळकपणे राहतात, आणि त्या वयात ऐकलेली गाणीही.

आता चर्चमधल्या गाण्याचा विचार करा. ज्या चालीवर आईचा अंत्यविधी झाला, ज्या चालीवर लग्न लागलं, ज्या चालीवर नाताळच्या पहाटे घरोघर फिरलो, त्या चालीत केवळ सूर राहत नाहीत. ती चाल वाजली की सारं एकदम जागं होतं, आणि त्या जागेपणाला आपण पावित्र्य म्हणतो. स्मृतिभ्रंश झालेली, जवळच्यांची नावं विसरलेली माणसं लहानपणीचं गीत मात्र अखेरपर्यंत गातात, हे अनेक कुटुंबांनी पाहिलेलं असतं.

म्हणून एखादं गीत यादीतून काढलं, की ज्येष्ठांना आपलं कुणीतरी काढून टाकल्यासारखं वाटतं. तिकडे विशीतल्या मुलीनं ज्या शिबिरात प्रथम मनापासून प्रार्थना केली, तिथे गिटार होतं. तिच्यासाठी पावित्र्याचा आवाज तोच. दोघंही खरं बोलत असतात. दोघांचीही चूक एकच होते: आपल्या कानाला जे घडलं, तो देवाचा नियम आहे असं ती धरून चालतात.

इमारतीचाही आवाज असतो

सवयीच्या पलीकडे काही कारणं निव्वळ भौतिक आहेत, आणि वादात ती कुणी काढत नाही. मोठ्या दगडी चर्चमध्ये आवाज थांबल्यावरही पाच-सहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त, घुमत राहतो. एकसुरी, सावकाश चालणारं ग्रेगोरियन गायन अशाच वास्तूंमध्ये वाढलं. तिथे प्रत्येक सूर पुढच्या सुरात विरघळतो आणि एकट्या आवाजालाही भरघोसपणा येतो. ऑर्गनचे लांबणारे सूरही त्या घुमण्यात शोभतात.

त्याच जागेत ड्रम वाजवून बघा. मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं असेल तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. घुमणं पाच सेकंदांचं असेल तर एका क्षणी दहा ठोक्यांचे अवशेष हवेत एकमेकांवर चढलेले असतात. तालाचा चिखल होऊन जातो आणि शब्द त्यात बुडतात. ज्येष्ठांना गोंगाट ऐकू येतो तेव्हा तो खरोखरच गोंगाट असतो.

उलटही तितकंच खरं. आजच्या अनेक मंडळ्या सभागृहात, शाळेच्या हॉलमध्ये, गाद्या-पडदे असलेल्या खोलीत जमतात. तिथे आवाज चटकन शोषला जातो. अशा जागी जुनं संथ गीत वाद्यांशिवाय म्हटलं, तर ते कोरडं आणि एकाकी वाटतं. गाणं कंटाळवाणं आहे असा निकाल देण्याआधी आपण ते कुठे गातोय हे पाहायला हवं.

आठ, सहा, आठ, सहा

जुन्या इंग्रजी स्तोत्रांची घडण समजून घेतली, की ती मंडळीला इतकी सोपी का जातात ते कळतं. धर्मसुधारणेच्या काळात कॅल्विननं स्तोत्रसंहितेचीच गाणी, एकाच सुरावटीत आणि वाद्यांशिवाय गायला लावली. जिनिव्हात 1562 साली सर्व 150 स्तोत्रांचा गायनग्रंथ पुरा झाला. इंग्रजीत हे काम करताना ओळींची ठरावीक मापं वापरली गेली. सर्वांत लोकप्रिय माप म्हणजे आठ, सहा, आठ, सहा अक्षरांच्या चार ओळी. एकाच मापाच्या स्टीलच्या डब्यांना कोणतंही झाकण बसावं, तशी त्या मापातल्या कोणत्याही शब्दांना त्या मापातली कोणतीही चाल बसते. दहा-बारा चाली पाठ असल्या की मंडळी शेकडो स्तोत्रं गाऊ शकते. आयझॅक वॉट्स यांनी 1707 साली स्वतःची नवी स्तोत्रं छापली तेव्हा बायबलबाहेरचे शब्द गावेत का, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. तरी मापं जुनीच असल्यामुळे लोकांना ती पहिल्याच दिवशी गाता आली.

ही पद्धत मराठीत आली तेव्हा मात्र अडचण झाली. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आणि 1831 साली अहमदनगरला आलं. मिशनरींनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले. पण इंग्रजी चाल उभी असते ती आघातावर: हलका, जड, हलका, जड. मराठी कानाला आघात फारसा कळत नाही. तो ऱ्हस्व-दीर्घ मोजतो. ‘करुणा’ या शब्दात पहिली दोन अक्षरं लघु आणि तिसरं गुरू आहे. हलक्यानं सुरू होऊन दुसऱ्या सुरावर लांबणाऱ्या चालीत तो शब्द टाकला, की ‘करूऽणा’ होतो. ओळीमागून ओळी अशा मोडत गेल्या, की गाणाऱ्याला जाणवतं की जीभ आपली आहे पण बोल परके आहेत.

मराठी पद्य आपल्याच घडणीचं हवं हे फादर स्टीफन्स यांना फार आधी कळलं होतं. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते जवळपास अकरा हजार ओव्यांचं आहे. नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर गीतं आणि कीर्तनं रचली. आणि मग नारायण वामन टिळक आले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत असे, आणि त्याची ख्रिस्ती गीतं त्याच अभंगाच्या मुशीतून आली. मोठ्या अभंगाचं माप सहा, सहा, सहा, चार अक्षरांचं. यात अक्षरं मोजली जातात आणि गाताना ती हवी तशी लांबवता येतात, म्हणून शब्द मोडत नाहीत. शिवाय हे माप टाळाच्या ठेक्यावर पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही ते गाता येत होतं.

टिळकांच्या काळात भजन-कीर्तनाला विरोध झाला नसेल असं समजू नका. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या अनेकांना टाळ-मृदंग म्हणजे मागे सोडून आलेलं जग वाटे, तर इंग्रजी चाल हा नव्या प्रतिष्ठेचा आवाज होता. माझ्या मते मराठी ख्रिस्ती संगीताची सर्वांत मोठी कमाई टिळकांच्या त्या धाडसात आहे, आणि तिची आठवण आजच्या वादात दोन्ही बाजूंनी ठेवायला हवी. एका बाजूनं ती जपावी, आणि दुसरीनं ती एकदा नवी आणि धाडसी होती हे विसरू नये. त्यांचा एक अभंग निकोल मॅक्निकॉल यांच्या अनुवादातून इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत गेला आणि स्कॉटिश चालीवर गायला जाऊ लागला. म्हणजे उसनवारी दोन्ही दिशांनी झाली.

चौकट : कधी काय नवं ठरलं
1324-25 : पोप जॉन बाविसावे यांनी जलद, तुटक सुरांच्या नव्या शैलीवर टीका केली. त्यात प्रार्थनेची मूळ चाल हरवते, असं त्यांचं म्हणणं होतं.
1562 : ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं चर्चच्या संगीतातून जे जे कामुक आणि अशुद्ध ते वगळावं असं सांगितलं.
1903 : पोप पायस दहावे यांनी चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा यांना मनाई केली.
1963 : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान कायम ठेवलं आणि त्याच दस्तऐवजात मिशन-प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीताला योग्य महत्त्व द्यावं असं म्हटलं.

नव्या गाण्याची घडण

आता तरुणांच्या गाण्याकडे येऊ. याचं मूळ 1960च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात आहे. कॉस्टा मेसामधल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये हिप्पी मुलं आपली गिटारं घेऊन आली आणि पाळक चक स्मिथ यांनी त्यांना आत घेतलं. 1971 साली तिथून ‘मरनाथा! म्युझिक’ निघालं. पुढे सिडनीच्या हिलसाँगसारख्या चर्चनी हे गाणं जगभर नेलं. आज हिंदी-मराठीतलं नवं ख्रिस्ती गाणं बहुतांशी त्याच साच्यात असतं. कडवं हळू, मग चढणारं धृपद, मग एक छोटी ओळ जी पुन्हा पुन्हा म्हणत आवाज वाढवत न्यायची, मग पुन्हा धृपद.

‘तीच ओळ दहादा काय म्हणायची?’ हा आक्षेप मला पटत नाही. नामघोषानं वाढलेल्या महाराष्ट्रात तर तो फारच दुबळा आहे. पुनरावृत्तीनं पुस्तक हातातून सुटतं, डोळे मिटता येतात, लहान मुलं आणि न वाचणारे सामील होतात. आणि आजच्या मुलांना आपल्या रोजच्या भाषेत देवाशी बोलता येतं, ही मोठी गोष्ट आहे.

नव्या गाण्याच्या खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. पहिली अडचण पट्टीची. शिक्षण न घेतलेला आवाज सहजपणे एक सप्तक आणि वर दोन-तीन सूर एवढाच फिरतो. जुनी स्तोत्रं साधारण त्याच हद्दीत असतात. नवी गाणी एखाद्या तयार गायकाच्या आवाजासाठी रेकॉर्ड होतात. पहिलं कडवं खालच्या सप्तकात आणि शेवट थेट वरच्यात. मूळ रेकॉर्डची पट्टी तशीच ठेवली, तर कडव्यात बायकांचा आवाज ऐकू येईनासा होतो आणि शेवटी पुरुषांचा. लोक नाराज होऊन गप्प होत नाहीत. त्यांचा आवाज तिथे पोचतच नाही.

दुसरी अडचण लयीची. नव्या गाण्यात शब्द ठोक्याच्या जरा आधी किंवा नंतर पडतात. एकट्या गायकाला ते शोभतं. दोनशे माणसांना एकाच क्षणी ते जमत नाही, आणि पडद्यावर फक्त शब्द दिसतात, सूर दिसत नाहीत.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत गंभीर अडचण आवाजाच्या पातळीची. समूहात गाणारा माणूस स्वतःला आणि शेजाऱ्याला ऐकत गातो. त्या ऐकण्यातूनच सूर आणि वेग सावरले जातात. 2013 साली स्वीडनमध्ये ब्यॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. त्यांनी गायलेल्यांत एक स्तोत्रही होतं. ओळीच्या लांबीनुसार सगळ्यांचा श्वास एकत्र चालतो आणि त्याच्या मागोमाग हृदयाची गतीही एकत्र वर-खाली होते, असं त्यांना आढळलं. स्पीकर इतके मोठे असले की शेजारच्याचा आवाजच येत नाही, तर ही साखळी तुटते. माणूस आधी हळू गातो, मग थांबतो, मग नुसता ऐकतो.

वाद नेमका कुठे आहे

जुनं-नवं ही या वादाची वरची साल आहे. तिच्याखालचा प्रश्न सगळ्या शतकांत एकच दिसतो: उपासनेत गातं कोण? पश्चिमेकडचं गाणं कित्येक शतकांत हळूहळू प्रशिक्षित गायकांच्या हाती गेलं होतं आणि लोक ऐकत उभे राहत. लूथरनं 1524 सालापासून लोकभाषेतली गीतं छापून ते परत लोकांच्या तोंडी दिलं. पुढे पुन्हा एकदा ऑर्गन आणि गायनवृंद पुढे सरकले आणि लोक मागे पडले. गिटार आलं ते गाणं पुन्हा सर्वांचं करायला. आता दिवे, मंच आणि स्पीकर वाढून ते पुन्हा काहींचंच होऊ लागलं आहे.

वसईच्या कॅथलिक गावांत 1960च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये चालत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली, तेव्हा ज्यांनी लॅटिन गाणी वर्षानुवर्षं पाठ म्हटली होती त्यांचं काहीतरी खरोखर हरवलं. पण मागच्या बाकावरची बाई पहिल्यांदाच अर्थ समजून गाऊ लागली. गोव्यात चर्चच्या शाळांत मेस्त्री म्हणवणाऱ्या संगीतशिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं, म्हणून तिथे घरोघरची लदाइन ही प्रार्थना अनेक आवाजांत गायली गेली. शिकवणारा माणूस होता, म्हणून अवघड संगीतही लोकांचं झालं. शैली सोपी की अवघड, देशी की परदेशी, यापेक्षा ती शिकवली जाते का, हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

म्हणून माझा निकाल सरळ आहे. ज्या गीतात मंडळी गाते ते उपासनेला योग्य, मग ते टिळकांचं असो की गेल्या वर्षीचं. ज्यात फक्त मंच गातो, ते कितीही सुंदर असलं तरी ते ऐकण्याचं गाणं आहे. त्याची जागा मैफलीत.

हे साधायला फार काही लागत नाही. गाण्याची पट्टी सामान्य आवाजासाठी दोन-तीन सुरांनी खाली आणा. एका कडव्यात सारी वाद्यं थांबवा आणि माणसांचा आवाज ऐका. नवं गाणं एकदाच गाऊन सोडून देऊ नका. चार-पाच रविवार ते शिकवा. आणि जुन्या गीतांच्या बाबतीत एक काम खरोखर तातडीचं आहे. शब्दांची पुस्तकं घरोघर आहेत, पण चाली बहुतांशी कानांवरूनच पुढे जातात, आणि त्या ज्यांना नीट येतात ती माणसं आता वृद्ध आहेत. तुमच्या मंडळीत असं कुणी असेल, तर मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जा, त्यांना येतील तेवढ्या चाली गाऊन घ्या, आणि ते रेकॉर्डिंग गिटार वाजवणाऱ्या मुलांच्या हाती द्या.